आतून उघडणारी जाळी

सलीम मिस्त्रीच्या कामाला कुणी नावं ठेवत नसे. जुन्नरला बाजारपेठेमागच्या गल्लीत त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, शटर, जिन्याचे कठडे, गोठ्याचे सांगाडे असली कामं तो करायचा. पंचवीस वर्षांत किती घरांना त्याच्या जाळ्या बसल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतर लोक खिडकीची जाळी भिंतीत चार ठिकाणी धरत, सलीम आठ ठिकाणी धरे. वेल्डिंग झाल्यावर तो जोड घासून असा सपाट करी, की हात फिरवला तरी लागू नये. "भिंत पडंल, पण सलीमची जाळी हलायची न्हाई," असं लोक म्हणत. हे ऐकलं की तो मान खाली घालून हसे आणि हातातलं काम करत राही.

तीन वर्षांपूर्वी आळेफाट्याच्या गेणभाऊंनी त्याला बोलावणं पाठवलं. फाट्यावर रस्त्यालगत त्यांची इमारत होती. खाली पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान, वरच्या मजल्यावर अभ्यासिका. आसपासच्या गावांतली मुलंमुली पोलीस भरतीचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला सकाळी तिथं यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. मागच्या खिडकीतून कुणीतरी शिरून इन्व्हर्टरची बॅटरी पळवली होती. गेणभाऊंना त्या खिडकीला पक्की जाळी हवी होती.

माप घेताना सलीमने विचारलं, "जाळीचा एक पल्ला, झडपेसारखा, उघडता ठेवू का? बिजागऱ्या लावतो, आतून कडी देतो."

"कशाला?"

"काच पुसायला बरं पडंल."

"काच नाय पुसली तर काय बिघडत न्हाई. उघडता ठेवला म्हंजी चोराला बोलावणंच की, राव. पक्कं मारून टाक."

सलीमने पक्कं मारलं. आगीचा विचार त्याच्या मनात आला नव्हता, गेणभाऊंच्याही नाही. दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं.

यंदा होळी होऊन आठवडा झाला होता. सलीम फाट्यावरच्याच एका हॉटेलात स्वयंपाकघराच्या शेडचं माप घ्यायला आला होता. दुपारचे तीन वाजले असतील. रस्त्यावर आरडाओरडा झाला, म्हणून तो टेप हातात धरूनच बाहेर आला, तर गेणभाऊंच्या इमारतीच्या जिन्यातून काळा धूर येत होता. जिन्याखाली विजेचे मीटर होते आणि त्यांना टेकून दुकानातल्या पाइपांची बंडलं नि पुठ्ठ्याचे खोके रचलेले होते. मीटरच्या पेटीत ठिणगी पडली होती. वर जायला तो एकच जिना. वर सतरा जण होते. त्यांतले अकरा जण नाकातोंडाला रुमाल, ओढणी लावून सुरुवातीलाच खाली धावले आणि वाचले. सहा जण मागे राहिले. धूर दाट झाला तसे ते मागच्या खिडकीकडे वळले.

सलीम मागच्या बाजूला धावला. हॉटेलवाल्यांनी शिडी आणून लावली. वर चढला तेव्हा जाळीच्या पलीकडे एका मुलीचा चेहरा होता. दोन्ही हातांनी तिने गज धरले होते. तिच्यामागून खोकण्याचे आवाज येत होते. सलीमच्या जीपमध्ये विजेवर चालणारा कटर होता, पण आग दिसताच वायरमनने ट्रान्सफॉर्मरवरून लाइन बंद केली होती, आणि ते बरोबरच केलं होतं. "ग्यारेजमधनं गॅस कटर आणा," असं सलीम वरूनच ओरडला. कुणीतरी पळालं. तोवर त्याने पहारीने प्रयत्न केला. चौकट आठ ठिकाणी भिंतीत धरलेली होती. ती हलली नाही.

तो त्या मुलीशी दोन वाक्यं बोलला, ती त्याच्याशी बोलली, आणि मग खिडकीपासून मागे वळली.

जाळी कापून निघायला अकरा मिनिटं लागली. हा आकडा नंतर पोलिसांनी कुणाच्या तरी मोबाइलमधल्या व्हिडिओवरून काढला. चौघांना खिडकीतून खाली घेतलं. मंगल नावाची एक मुलगी आत बेशुद्ध पडली होती, तिलाही उचलून आणलं, ती दवाखान्यात वाचली. तिच्या शेजारीच, एक हात तिच्या खांद्याखाली घातलेला अशी, आणे गावची आरती पडली होती. खिडकीत सलीमने जिचा चेहरा पाहिला तीच. बावीस वर्षांची. ती वाचली नाही.

गेणभाऊंवर गुन्हा दाखल झाला. सलीमचा जबाब घेतला गेला. त्याने सगळं सांगितलं, पल्ला उघडता ठेवायचं बोलणं झालं होतं तेही सांगितलं. फक्त शिडीवर तो आणि आरती काय बोलले ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

त्यानंतर सलीमने खिडकीची जाळी केली नाही. गिऱ्हाईक आलं की तो "हातात काम लई हाय" म्हणे आणि दुसऱ्याचं नाव सांगे. गोठ्याचे सांगाडे, पत्र्याच्या शेड एवढंच करी. त्याची बायको इशरत हे बघत होती. जेवताना घास हातात धरून तो बसून राही, तेव्हा ती काही न बोलता ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवी. त्यांच्या स्वतःच्या घरालाही त्यानेच केलेल्या जाळ्या होत्या. एक दिवस इशरत दुपारी घरी आली, तर मुलीच्या, अलिझाच्या खोलीची जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती आणि खिडकी उघडीबोडकी होती. तिने विचारलं नाही. पडद्याला दोरी बांधून घेतली.

पावसाळा संपता संपता व्हॉट्सॲपवर एक संदेश आला. बांधकाम ठेकेदार, वायरमन आणि फॅब्रिकेशनवाले यांच्यासाठी इमारतीच्या आणि आगीच्या नियमांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, जुन्नरच्या एका मंगल कार्यालयात. सलीमने तो वाचून फोन खिशात टाकला. संध्याकाळी इशरतने तोच संदेश भावाच्या फोनवर पाहिला आणि म्हणाली, "जाऊन या. निदान काय असायला पाहिजे होतं ते तरी कळेल."

पहिल्या दिवशी चाळीस-पंचेचाळीस जण आले होते. शिकवायला तेजस्विनी मॅडम होत्या. पुण्याकडे वीस वर्षं अग्निशमनात काढलेल्या, केस बारीक कापलेले, उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा जुना डाग. त्यांनी भाषण केलं नाही. प्रत्येक टेबलावर एक टेप ठेवली आणि म्हणाल्या, "आपण बसलोय ही इमारत मोजा. बाहेर पडायच्या वाटा किती, दारं केवढी, कुठल्या बाजूला उघडतात, ते लिहून आणा."

लोक हसत उठले. सयाजी नावाचा एक ठेकेदार होता, आडदांड, बोलका. तो म्हणाला, "मॅडम, ह्या हॉलचा स्लॅब मीच टाकलाय. मला मोजायची काय गरज न्हाई."

"मग तुम्ही आधी मोजा," मॅडम म्हणाल्या.

अर्ध्या तासाने सगळे परत आले तेव्हा हसणं कमी झालं होतं. तीन दारं होती. एकाला बाहेरून कुलूप होतं, एकापुढे खुर्च्यांची चळत होती. मोठं दार आत उघडत होतं. लग्नात इथं सहाशे माणसं जेवतात, हे सयाजीनेच सांगितलं.

"आत उघडणारं दार आणि मागून रेटणारी सहाशे माणसं," मॅडम म्हणाल्या. "पहिला माणूस दार ओढणार कसा? मागचे त्याला दारावरच दाबून धरतात. म्हणून जिथं गर्दी जमते तिथं दार बाहेर उघडलं पाहिजे. हा नियम कुणाच्या डोक्यातून आलेला नाही. तो मेलेल्या माणसांवरून लिहिलाय. ह्या पुस्तकातला जवळजवळ प्रत्येक नियम तसाच आहे."

सयाजी म्हणाला, "पण मॅडम, इमारत मालकाची. तो म्हणंल तसं आमी बांधतो. न्हाई म्हणलं तर तो दुसऱ्याला काम देतो."

"इमारत मालकाची असते. बाहेर पडायची वाट आत असलेल्या माणसाची असते. मालकाला ती विकता येत नाही, आणि तुम्हाला ती बुजवता येत नाही."

सलीम शेवटच्या रांगेत बसून शाळेच्या वहीत लिहून घेत होता. जास्त माणसं जमतात तिथं दोन जिने, एकमेकांपासून लांब. जिना शाळा-क्लासला कमीत कमी पाच फूट रुंद. जिन्याखाली सामान नको, मीटर नकोत. धूर आगीच्या आधी मारतो. त्याचं अक्षर वाईट होतं, पण त्याने एकही ओळ सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी खिडक्यांचा विषय काढला. पडद्यावर एक फोटो लावला. जळक्या भिंतीला टेकवलेली खिडकीची जाळी, एका बाजूने वेडीवाकडी कापलेली. गावाचं नाव नव्हतं.

"ह्या जाळीत चूक काय आहे?" त्यांनी विचारलं.

सयाजी पुढे वाकून बघत म्हणाला, "चूक काय न्हाई, मॅडम. एक नंबर काम हाय. आठ ठिकाणी धरलीय. वेल्डिंग बघा की, जोड दिसत न्हाई."

"बरोबर आहे. काम उत्तम आहे. इतकं उत्तम, की बाहेरून आठ-दहा माणसांना ती हलवता आली नाही. आणि आतल्यांना उघडता येईल असा हातभर तुकडासुद्धा तीत नाही. चोर आत येऊ नये म्हणून केली. माणूस बाहेर कसा जाईल, हे कुणी पाहिलं नाही."

सलीम उभा राहिला. खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला, तसे सगळे वळले.

"ती माझी जाळी हाय," तो म्हणाला. "आळेफाट्याची. मीच केलेली आणि मीच कापलेली."

मॅडमनी पडद्यावरचा फोटो बंद केला.

"मला एक सांगा, मॅडम. पल्ला उघडता असता, तर किती वेळ लागला असता?"

"असा आकडा सांगणं बरोबर नाही."

"मी त्याच्यासाठीच आलोय."

"कडी हाताशी, कुलूप नाही, आणि कशी उघडायची ते तिथल्यांना आधी दाखवलेलं, असं असेल तर पाच-सात सेकंद."

सलीमने खुर्ची सरळ केली, बसला आणि वहीत लिहिलं, पाच-सात सेकंद. मग पुढचं त्याला काही ऐकू आलं नाही.

चहाच्या वेळी सयाजी त्याच्याजवळ आला. "मिस्त्री, मला ठावं नव्हतं, राव," एवढंच म्हणून उभा राहिला. मग आपला चहाचा कप सलीमच्या हातात देऊन निघून गेला. थोड्या वेळाने मॅडम येऊन बसल्या.

"फोटो दाखवण्याआधी मी आलेल्यांची यादी नीट बघायला हवी होती," त्या म्हणाल्या.

"बघितली असती तरी दाखवायलाच पायजे व्हता."

"तुमची चूक नव्हती, असं मी म्हणणार नाही."

"म्हणू नका. आजवर सगळे त्येच म्हणत्यात."

"पण चूक तुमच्या एकट्याची नव्हती, हेही खरं आहे. तुम्ही पल्ला ठेवू का म्हणून विचारलं होतंत, ते तुमच्या जबाबात वाचलंय मी. कशासाठी ठेवायचा ते तुम्हाला माहीत असतं, तर तुम्ही विचारून थांबला नसतात. हे सांगायला कुणी यायला तीन वर्षं उशीर झाला."

तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या धंद्यातलं एक काम कागदावर काढून द्यायचं होतं. सलीमने उघडत्या पल्ल्याची जाळी काढली. पल्ला बाहेर उघडणारा, मोठा माणूस खांद्यासकट जाईल एवढा, कडी आतून, अंधारात चाचपडूनही सापडेल अशा उंचीवर, एका हाताने एकदाच ओढायची. बाहेरून कडीपर्यंत हात पोचू नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पेटी. चोरही अडला आणि आतल्याची वाटही मोकळी राहिली. कागद बघून मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मंचरला आंबेगाव तालुक्यासाठी असंच एक दिवसाचं शिबिर आहे. ही जाळी खरी करून आणाल का? चित्रापेक्षा हाताने उघडून बघितलेलं लक्षात राहतं." सलीम हो म्हणाला.

पण त्याआधी त्याला आण्याला, आरतीच्या आईवडिलांकडे जायचं होतं. सहा महिने तो जायचं टाळत होता. प्रशिक्षण संपल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला.

आरतीचं घर गावाच्या टोकाला होतं. ओट्यावर तिची आई अंजना सुपात बाजरी पाखडत होती. वडील सावळाराम बाजेवर बसले होते.

सलीम अंगणातच थांबला. "मी सलीम मिस्त्री, जुन्नरचा. ती जाळी मी केलेली."

सावळाराम उठले. भिंतीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि सलीमच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता, शेताकडे निघून गेले. अंजनाने सूप खाली ठेवलं.

"बसा," ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. मग अंजनानेच विचारलं, "तुमी शिडीवर व्हता म्हंत्यात."

"हां."

"मंग मला एक सांगा. आरती खिडकीशी व्हती, समद्यांनी बघितली. मंग आत कशी घावली? पोलीस म्हणाले, घाबरून गोंधळली आन् उलटी पळाली. माझी पोरगी गोंधळणारी नव्हती, भाऊ. इहिरीत पडलेली शेरडी बाहीर काढायला ती एकटी उतरली व्हती, चौदा वर्साची असताना."

"न्हाई गोंधळली. तिनं मला इचारलं, काका, किती वेळ लागंल? मी म्हणालो, दोन मिन्टं थांब पोरी, निघतीय. तर ती म्हणाली, मंग मी मंगलला आणते, ती मागं पडलीय. आन् वळली."

अंजना त्याच्याकडे बघत राहिली.

"दोन मिन्टं का म्हणाला तुमी?"

"तिला धीर यावा म्हणून. माझी जाळी दोन मिन्टांत निघणारी न्हाई, हे मला ठावं व्हतं. कटर चालत नव्हता. तरी म्हणालो. खरं बोललो असतो, तर ती खिडकीशी थांबली असती. खिडकीशी हवा व्हती. तिथले चारी जण वाचले."

"म्हंजी तिला वाटलं, वेळ हाय."

"हां."

अंजनाने पदर तोंडाला लावला, पण ती रडली नाही. अंगणात कोंबड्या बाजरीकडे आल्या, त्यांना तिने हाकललं नाही.

"मंगलची आई येती कधीकधी," ती म्हणाली. "येऊन बसती, आन् मी तिच्याशी धड बोलत न्हाई. मला वाटायचं, हिची पोरगी वाचली आन् माझी उगीच गेली." ती थांबली. "उगीच न्हाई गेली, म्हणा की."

सलीम पायरीवर सांडलेले बाजरीचे दाणे वेचत राहिला.

"ह्यांना तुमी सांगू नका. मी सांगीन, मला जमंल तवा." मग तिचं लक्ष त्याच्या खिशातून वर आलेल्या वहीकडे गेलं. "ते काय हाय?"

त्याने प्रशिक्षणाचं सांगितलं. वही उघडून दारं, जिने, धूर असं एकेक वाचून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती. एक पान त्याने झटकन उलटलं, तसं तिने बोट ठेवलं. ती सातवी शिकलेली होती.

"पाच-सात सेकंद. हे कशाचं?"

त्याने सांगितलं.

तिने बोट उचललं. "जावा आता तुमी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण तो लगेच उठला.

दोन आठवड्यांनी त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी आण्यावरनं बोलते, आरतीची आई. ती शिकवण परत कुठं हाय का? मला बसू देतील का तिथं?"

मंचरच्या शिबिरात पन्नासेक पुरुष आणि चार इंजिनियर मुली होत्या. अंजना जांभळी नऊवारी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या रांगेत बसली होती. सकाळी सगळ्यांनी आपापलं नाव आणि धंदा सांगितला. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. "अंजना सावळाराम, आणं. माझा धंदा काय न्हाई ह्यातला. आळेफाट्याला अभ्यासिकेत गेली त्या आरतीची मी आई." आणि ती खाली बसली. त्यानंतर दिवसभर त्या हॉलमध्ये कुणी मोबाइल बघितला नाही.

सलीमने केलेली जाळी लाकडी चौकटीत पुढे उभी केली होती. एकेकाने येऊन ती डोळे मिटून उघडायची होती. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात कडी सापडली. अंजना आली, तिने कडी ओढली, पल्ला उघडला, बंद केला. पुन्हा उघडला. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.

दुपारनंतर मॅडमनी सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि बाकं वेडीवाकडी सरकवून ठेवली. दार शोधून बाहेर पडायचं होतं. सुरुवातीला धडका बसल्या, हसणं झालं, मग आवाज बंद झाले. मॅडमचं लक्ष गेलं तेव्हा अंजना हॉलच्या मधोमध जमिनीवर बसलेली होती. त्या तिच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या.

"ताई, पट्टी सोडू का?"

"नको. तिला असंच दिसलं असंल का?"

"याहून वाईट. डोळे झोंबतात, श्वास घेता येत नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला."

"मंग काय करायचं असतं?"

"खाली वाकून राहायचं. खाली हवा थोडा वेळ बरी असते. एक हात भिंतीला लावायचा आणि तो भिंत न सोडता सरकत राहायचं. दार भिंतीतच असतं."

"हे तिला कुणी सांगितलं नव्हतं."

"नाही, ताई. कुणालाच सांगितलं जात नाही."

अंजना गुडघ्यांवर आली. रांगत रांगत भिंतीपर्यंत गेली, एक हात भिंतीला लावला आणि सरकू लागली. वाटेत तिचा दुसरा हात एका वायरमनच्या खांद्याला लागला. तो भिंत चुकून उलटा चालला होता. तिने त्याचं मनगट धरलं. "इकडं," ती म्हणाली, आणि त्याला घेऊनच दारापर्यंत आली. बाहेर व्हरांड्यात पोचल्यावर तिने पट्टी काढली, त्या माणसाचं मनगट सोडलं आणि खांबाला धरून रडू लागली. आरती गेल्यापासून ती अशी मोठ्याने रडली नव्हती. तो वायरमन, पन्नाशीचा माणूस, पट्टी हातात घेऊन तिच्याशेजारी अवघडून उभा राहिला. सलीम लांबूनच बघत होता. पुढे जायचा त्याला धीर झाला नाही.

शिबिर चारला सुटलं. एसटीने जायचं म्हणजे आळेफाट्याला उतरून दुसरी गाडी धरावी लागे. ती इमारत स्टँडवरून दिसते. सकाळी येताना अंजना तिथं पाऊण तास रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली होती. सलीमने जीपचं दार उघडलं. "बसा, घरापत्तूर सोडतो."

नारायणगाव मागे पडलं. मग तिने विचारलं, "आता ह्या जाळ्यांचं काय करणार तुमी? आधीच्या?"

"आठवतील तशा बदलून देतोय. लोणीला मुलींच्या वसतिगृहाच्या चार हैत, त्या उद्या. काहीजण न्हाई म्हणत्यात. म्हणत्यात, चांगली जाळी कशाला कापायची? गेल्या आठवड्यात एकानं दारातूनच परत धाडलं."

"मंग?"

"परत जायचं."

"मी येईन," अंजना म्हणाली. "न्हाई म्हणतील तिथं मला न्या."

सलीमने मान हलवली. त्याला तिला काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागायची होती, ती त्याने अजून मागितलीच नव्हती. आळेफाटा जवळ आला. तिला काय वाटेल, ती तोंड फिरवेल, की गाडी थांबवायला सांगेल, या विचारात त्याने बाजूला पाहिलं. ती झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, पिशवी मांडीवर, तोंड किंचित उघडं. चौकातला गोंगाट, ट्रकचे हॉर्न, ती इमारत, सगळं मागे गेलं. तिला जाग आली नाही.

त्याने गाडीचा वेग कमी केला. बेल्हे गेलं. आण्याचा घाट तो दुसऱ्या गिअरमध्ये, खड्डे चुकवत चढला. पठारावर ऊन कलतं झालं होतं आणि बाजरीची शेतं कापून मोकळी पडली होती. गावाच्या अलीकडे एका बाभळीखाली त्याने गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. मेंढरांचा एक कळप रस्ता ओलांडून गेला. सलीम हात मांडीवर ठेवून, तिला जाग येईपर्यंत, तिथंच बसून राहिला.